पाझर तलावातला रात्रीचा गळ: शिवडा, शिंगाळा आणि पंगस

रात्री गळ टाकायला बसलेला नवखा माणूस बहुधा सगळा जोर लावून शिसं तलावाच्या मध्यावर भिरकावतो. मासा मात्र त्याच्या पायापासून चार-पाच हातांवर फिरत असतो. शिवडा, शिंगाळा, मागूर ही बिनखवल्यांची मिशावाली मंडळी दिवसा खोलात, दगडांच्या कपारीत, बुडालेल्या बाभळीच्या बुडख्याशी पडून असतात. अंधार पडला की ती काठ चरायला निघतात, कारण खाणं काठालाच असतं: बेडूक, खेकडे, झिंगे, पाण्यात पडलेले किडे, उथळात विसावलेली बारकी मासळी. उन्हाळ्यात आणखी एक कारण असतं. खोल तलावात वरचं पाणी तापतं, तळाचं गार राहतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळच्या थरात मग ऑक्सिजन उरत नाही. अशा वेळी मध्यावर खोलात पडलेल्या गळाकडे कुणीच येत नाही, मग तुम्ही पहाटेपर्यंत बसा.

म्हणून पुढचं सगळं गृहीत धरून आहे की गळ काठापासून ५ ते १५ मीटरवर, १ ते २ मीटर पाण्यात पडणार आहे आणि तुम्ही आवाज न करता बसणार आहात.

कुठे बसायचं आणि कुठे नाही

सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबर आणि तिथून खाली कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. रात्री नदीकाठी पाण्याजवळ बसून गळ टाकणं या पट्ट्यात नकोच. कितीही मोठा शिवडा दिसू दे. वारणाकाठीही तेच. नदीला लागून असलेल्या तळ्यांत, जुन्या खाणींत मगर येऊ शकते. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॅटरी पाण्याच्या पातळीवरून सावकाश फिरवा. लालसर, निखाऱ्यासारखे चमकणारे डोळे दिसले तर सामान उघडूच नका.

खरी जागा म्हणजे वरच्या कोरड्या पट्ट्यातले पाझर तलाव, गावतळी आणि शेततळी. साताऱ्याकडे माण-खटाव, सांगलीकडे खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी उपसून यातले अनेक तलाव भरले जातात, आणि नदीच्या पाण्याबरोबर नदीतलं बरंच काही तिथवर पोहोचतं.

तलाव कुणाचा, हे आधी विचारा. बहुतेक तलावांची मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते, लहान तळी ग्रामपंचायतीकडे. गळाने एक-दोन मासे धरायला संस्थेची माणसं सहसा अडवत नाहीत, पण न विचारता रात्री बॅटरी घेऊन फिरणारा माणूस त्यांच्या लेखी चोरच. दिवसा जाऊन बोला. त्याच बोलण्यात शेवटचं जाळं कधी ओढलं, बीज कोणतं सोडलं, पाणी कुठल्या कोपऱ्यात खोल आहे हेही कळतं आणि अर्धं काम होतं. मायणीसारख्या राखीव पक्षी-तलावांकडे गळ घेऊन जाऊच नका.

वायरने करंट सोडणं, पाण्यात विष कालवणं, जिलेटिनचा बार उडवणं यांना या लेखात जागा नाही. विष आणि स्फोटकांवर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. आकडा टाकून पाण्यात करंट सोडणाऱ्याला माशाआधी स्वतःला शॉक बसायची शक्यता जास्त.

कोणता मासा, आणि त्याची चाल

शिवड्याचं तोंड डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेलं, दात बारीक पण दाट, पोटाखालचा पर लांबलचक शेपटीपर्यंत. हा शिकारी आहे. पेंड, कणीक याला दाखवू नका. मासा किंवा बेडूक हवा. शिंगाळ्याच्या पाठीवर मऊ मांसल दुसरा पर असतो, मिशा लांब, अंग चंदेरी-करडं. तो तळाशी हुंगत फिरतो आणि गांडूळ, झिंगा, मासळीचा तुकडा सगळं घेतो. त्याची बारकी भावंडं, ती वीतभर शिंगटी, मोठ्या गळाचं आमिष कुरतडून संपवण्यात पटाईत. मागूर चिखलाच्या, गवताच्या कडेला, अगदी गुडघाभर पाण्यातही सापडतो, कारण तो हवेतून श्वास घेतो. किलोच्या वर वजनाचा मागूर लागला तर तो बहुधा आपला नव्हे, आफ्रिकी आहे, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात. त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे, आपल्या देशी माशांचा तो फडशा पाडतो. तो परत पाण्यात सोडू नका, दुसऱ्या तळ्यात तर मुळीच नेऊ नका.

पंगस हा शेततळ्यातला. बीज विकत आणून सोडलेला, गोळी खाद्यावर वाढलेला. इंटरनेटवर ज्या अमेरिकी चॅनेल कॅटफिशचे व्हिडिओ दिसतात, त्याच्या तळ्यातल्या सवयींना आपल्याकडे सगळ्यात जवळचा हाच. म्हणून त्या व्हिडिओंतलं तंत्र पंगसला बरंचसं चालतं, शिवड्याला चालत नाही.

या सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे नाक, जीभ आणि कान. चव कळणाऱ्या कळ्या मिशांवरच नव्हे, सगळ्या अंगावर असतात. पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाला जोडलेली असते, त्यामुळे काठावर आपटलेला दगड त्यांना पाण्यात ऐकू जातो. तंबाखू मळलेल्या हाताने, डिझेल लागलेल्या हाताने, ओडोमॉस चोळलेल्या बोटांनी आमिष लावलं तर तो वास पाण्यात उतरतो. मच्छर-मलम मनगटाच्या वरच लावा आणि आमिषाला हात घालण्याआधी तलावाच्याच ओल्या मातीने हात चोळून घ्या. साबण नको.

सामान

काठी साडेसहा ते आठ फूट, जड माल उचलणारी. हलकी, लवचिक काठी चिलापीला ठीक. चार किलोचा शिवडा बुडख्यात शिरायला लागला की ती नुसती वाकते. रीळ मध्यम आकाराचं, त्यावर १०० मीटर तरी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर. शिंगाळा आणि पंगससाठी ०.४० ते ०.४५ मि.मी., शिवड्यासाठी ०.५० ते ०.६०. पारदर्शक किंवा मातकट रंग कोणताही चालतो, रात्री मासा रंग बघत बसत नाही.

रीळचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीला तंगूस सुटू देणारा चाप, घरीच लावून या. ०.४५ चा तंगूस साधारण १० ते १२ किलो ओढ सोसतो, म्हणजे ड्रॅग त्याच्या चौथ्या हिश्श्यावर, अडीच-तीन किलोला सुटला पाहिजे. कॅनमध्ये तीन लिटर पाणी भरा, तंगुसाचं टोक कॅनच्या मुठीला बांधा आणि काठीने उचला. कॅन जमिनीवरून सुटता सुटता रीळ कुरकुरलं पाहिजे. कॅन सरळ वर आला तर ड्रॅग घट्ट आहे, आणि पहिल्याच धावेत तंगूस तुटणार.

काठी-रीळ नसेल तर हातदोराने काहीच अडत नाही. ०.६० चा ४० मीटर तंगूस प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळा. मोठा मासा धावला की तंगूस बोट कापतो, म्हणून तर्जनीवर आणि अंगठ्यावर सायकलच्या ट्यूबची कापलेली टोपणं चढवा. हाताला गुंडाळून दोर कधीही धरू नका.

गळाचे आकडे सुरुवातीला गोंधळात टाकतात. १ पर्यंत आकडा मोठा तसा गळ लहान, आणि १/० पासून पुढे आकड्याबरोबर गळही मोठा. बारक्या शिंगटीला आणि मागुराला ४ ते २ नंबर, मध्यम शिंगाळ्याला आणि पंगसला १/० ते ३/०, शिवड्याला ४/० ते ६/०. मासा सोडायचा विचार असेल तर आत वळलेल्या टोकाचा, म्हणजे सर्कल गळ घ्या. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. त्याची एक अट आहे: झटका द्यायचा नाही. ती पुढे येईल.

जोडणी साधी ठेवा. मुख्य तंगुसावर आधी भोकाचं शिसं ओवा, २० ते ३० ग्रॅम. मग एक प्लास्टिकचा मणी, मग फिरती कडी बांधा. कडीच्या दुसऱ्या टोकाला ३० ते ४५ सेंटिमीटरचा तुकडा आणि त्याला गळ. शिसं मोकळं सरकतं, म्हणून मासा आमिष तोंडात घेऊन निघाला की त्याला वजन जाणवत नाही. शिसं पक्कं बांधलं तर शिंगाळा चव घेतो, ओझं लागतं आणि थुंकतो, आणि तुम्ही म्हणता आज फक्त टिचक्याच आल्या. मणी विसरलात तर शिसं गाठीवर आपटून आपटून ती कमजोर करतं. शिवड्यासाठी शेवटचा २० सेंटिमीटर तुकडा बारीक विणलेल्या स्टीलच्या तारेचा हवा, नाहीतर दाट दात तंगूस घासून तोडतात.

गाठ एकच शिका, पण नीट: टोक कडीतून ओवा, मुख्य तंगुसाभोवती पाच वेढे द्या, टोक कडीजवळच्या पहिल्या फटीतून परत काढा, मग तयार झालेल्या मोठ्या फटीतूनही काढा. थुंकी लावून ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी ओढलेली गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तंगूस जातो. मासा गेल्यावर टोक कुरळं, पिळदार निघालं तर गाठ सुटली होती. खरबरीत, पांढुरकं निघालं तर दगडावर घासला. स्वच्छ कापलेलं निघालं तर खेकडा किंवा दात.

बाकी पिशवीत: डोक्याला बांधायची बॅटरी आणि एक राखीव, लांब नाकाची पक्कड, तंगूस कापायला नेलकटर, जुना सुती टॉवेल, मोठ्या तोंडाची हातजाळी, काठीच्या टोकाला लावायची घुंगराची क्लिप, बर्फाचा डबा आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट.

आमिष

गांडूळ सगळ्यात सोपं आणि मृगाआधीच्या महिन्यांत सगळ्यात खात्रीचं. उकिरड्याच्या कडेची, शेणखताच्या ढिगाखालची लाल गांडुळं घ्या आणि ओल्या मातीसह मडक्यात ठेवा. एकेक नाही, तीन-चारचा झुबका लावायचा, टोकं लोंबती ठेवायची. अडचण एवढीच की ते सगळ्यांनाच आवडतं. चिलापी आणि बारकी शिंगटी पाच मिनिटांत गळ चाटून पुसून ठेवतात. तलावात चिलापी फार असेल तर गांडूळ अंधार पूर्ण पडेपर्यंत काढूच नका; चिलापी डोळ्यांनी खाते, रात्री थंडावते.

कोंबडीचं काळीज शिंगाळ्याला आणि पंगसला चालतं. चिकनवाल्याकडे पाव किलो पुष्कळ झालं. पण ताजं काळीज गळावर टिकत नाही, फेकतानाच उडून जातं. आदल्या रात्री तुकडे करून वर मीठ पसरा आणि फ्रीजमध्ये ठेवा, पाणी सुटून तुकडा घट्ट होतो. तलावावर बर्फातच असू द्या. लावताना मच्छरदाणीच्या जाळीच्या चौकोनी तुकड्यात सुपारीएवढी गाठोडी बांधा आणि गळ जाळीतून ओवा. आतडीही चालतात, त्यांना जाळीची गरज नाही, नुसती दोन-तीनदा ओवा.

शिवड्यासाठी त्याच तलावातली आठ-दहा सेंटिमीटरची चिलापी, शेपटी कापून. रक्ताचा वास सुटतो आणि गळ फिरत नाही. गळ पाठीच्या पराखाली, टोक पूर्ण बाहेर. दुसऱ्या तलावातून जिवंत आमिष-मासा आणू नका. चिलापी, आफ्रिकी मागूर आणि रोग असेच एका तळ्यातून दुसऱ्यात पोहोचतात.

पंगससाठी पीठ. तेलघाण्यावरची शेंगदाणा पेंड २५० ग्रॅम गरम पाण्यात दोन तास भिजवा आणि पिळून घ्या. त्यात कुटलेलं मासळीखाद्य १०० ग्रॅम, तेही त्या तळ्यात रोज टाकतात तेच, आणि बांधायला २०० ग्रॅम कणीक. भाकरीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट मळा, सुपारीएवढ्या गोळ्या वळा आणि उकळत्या पाण्यात सोडा. दोन-तीन मिनिटांत वर तरंगल्या की काढून वाळवा. बाहेर कातडीसारखा थर येतो, आत मऊ राहतं. अशी गोळी अर्धा-पाऊण तास पाण्यात टिकते. न उकडलेली दहा मिनिटांत विरघळते आणि तुम्ही रिकाम्या गळावर राखण करत बसता. जास्त उकडली तर कडक होते आणि गळाचं टोक तिच्यातून बाहेर येत नाही. पिठात हळद घालायची पद्धत सगळीकडे आहे. घालायची तर घाला. मासा रंगावर येत नाही, पण सांगलीत हळदीशिवाय काही शिजत नाही म्हणून असेल.

दिवसा करायचं काम

रात्री पहिल्यांदाच तलाव बघणारा माणूस तीन गळ अडकवतो आणि घरी जातो. दुपारी चारच्या सुमारास पोहोचा.

काठाने चालत तीन गोष्टी शोधा. पहिली, जुन्या ओढ्याचं पात्र. पाझर तलाव म्हणजे अडवलेला ओढा. पाण्याखाली त्याची घळ अजून असते आणि मासे खोलातून काठाला त्याच वाटेने येतात. तलावाच्या शेपटीकडून ओढा जिथून आत येतो तिथे उभं राहून भरावाकडे नजर लावली की अंदाज येतो. दुसरी, भरावाच्या आतल्या बाजूचं पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, ज्याच्या फटींत झिंगे आणि खेकडे असतात. तिसरी, पाणी पडण्याची जागा. योजनेचं आवर्तन सुरू असेल तर पाईप किंवा चारी जिथे तलावात पडते तिथे ताजं, ऑक्सिजनचं पाणी असतं आणि मासा गोळा होतो. असं आवर्तन सुरू झाल्यानंतरच्या रात्री सोन्याच्या. सांडव्यावर आणि विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी मात्र बसू नका, तिथे ओढ असते आणि पाय घसरला की परतायला जागा नसते.

मग खोली मोजा. गळ न लावता नुसतं शिसं आणि वर सरकतं बूच घेऊन वेगवेगळ्या जागी टाका. शिसं तळाला लागून बूच आडवं पडलं तर दोर जास्त आहे, बुडालं तर कमी. दीड मीटरची जागा सापडली की शिसं ओढत आणा: गुळगुळीत सरकलं तर गाळ, टकटक वाजलं तर मुरूम किंवा दगड, चिकटून बसलं तर झुडूप. मुरूम आणि गाळ यांची सीमा सगळ्यात चांगली. तिथे शिसं असतानाच तंगूस रिळाच्या क्लिपमध्ये अडकवा किंवा त्यावर लाल शिवणदोऱ्याची गाठ मारा. रात्री फेक बरोबर तेवढीच जाईल आणि अंधारात अंदाज करावा लागणार नाही. मुरूम काढून नेलेले खड्डे पाण्याखाली सरळ उभे तुटलेले असतात, म्हणून काठाच्या पाण्यात उतरायचंच झालं तर पुढे काठी टेकवत.

उजेड असतानाच बसायची जागा झाडून घ्या, दगड उलटवून बघा, परतायची वाट पाहून ठेवा.

रात्र

दिवस मावळल्यापासून साधारण दहा-साडेदहापर्यंतचा वेळ चांगला. मग एक सुस्त पट्टा येतो. पहाटे तीन-चारनंतर शिवडा पुन्हा फिरतो, पण हिरव्या, शेवाळलेल्या पाण्याच्या तळ्यात पहाटेची आशा धरू नका. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं, आणि सूर्योदयाआधी तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर त्यांना भूक नाही, श्वास हवा आहे. पंगस तर एरवीही वर येऊन हवा घेतो, ते बघून आमिष बदलत बसू नका.

फाल्गुनापासून वळवापर्यंत आणि पुन्हा दसऱ्यापासून कार्तिकापर्यंत, हा हंगाम. थंडीत पाणी वीस अंशांखाली गेलं की पंगस खाणं सोडतो, शिंगाळा मंदावतो. वळवाने ओढा गढूळ होऊन तलावात शिरला की दोन-तीन रात्री मासे वेड्यासारखे खातात. पण वीज चमकायला लागली की काठी आडवी ठेवून गाडीत जाऊन बसा. कार्बनच्या काठ्या वीज वाहून नेतात, आणि माळावर सगळ्यात उंच वस्तू तुमची काठी असते.

मृगात चढणीचे मासे ओढ्याने वर निघतात ते अंडी घालायला. गावोगावी तेव्हाच सगळ्यात जास्त मासे मारले जातात आणि पुढल्या वर्षी तलाव रिकामा म्हणून ओरड होते. आषाढ-श्रावण गळ टांगून ठेवा.

चांदणं असेल तर भरावाच्या सावलीत बसा. बॅटरी पाण्यावर मारायची नाही. गळ लावायचा तो पाण्याकडे पाठ करून, बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद चिकटवून. दोन काठ्या पुरेत. एक १०-१५ मीटरवर खुणेच्या जागी, दुसरी त्याच काठाला समांतर, पिचिंगच्या कडेने. ही दुसरीच बहुतेक वेळा वाजते.

चारा टाकायचा तर मोजका: भिजवलेली पेंड आणि आमिषाचेच बारीक तुकडे, मुठीएवढे तीन-चार गोळे, सगळे एकाच जागी. किलोभर ओतलंत तर मासा तेच खाऊन निघून जातो. वीस-पंचवीस मिनिटांनी गळ काढून आमिष बघा. जसंच्या तसं असेल पण बिनवासाचं, पांढरं पडलं असेल तर बदला. तासाभरात काहीच नाही तर आमिष नव्हे, जागा बदला, दहा पावलं का होईना.

आमिष चिंध्या होऊन येत असेल आणि काठी नुसती थरथरत असेल तर खेकडा. गळापासून चार बोटांवर तुकड्याला आमिष उचलून धरेल एवढा थर्माकोलचा मणी ओवा. आमिष तळापासून वीतभर वर तरंगतं, खेकड्याला पोहोचत नाही, माशाला वास जातोच.

ओढ ओळखणं

शिंगाळा आधी दोन-तीन टिचक्या देतो, घुंगरू किणकिणतं, थांबतं. हात लावू नका. मग काठी सलग वाकते. शिवडा टिचक्या देत नाही. काठी एकदम जाते, म्हणून ती नुसती दगडाला टेकवलेली असेल तर तलावात जाते. खुंटी ठोकून काठी तिला बांधा. मागूर जागेवर बसून चघळतो आणि कधीकधी काठाकडे येतो, तेव्हा तंगूस ताणला न जाता ढिला पडतो. ढिला तंगूस म्हणजे मासा, हे ध्यानात ठेवा. पंगस हळू ओढत नेतो आणि गळ लागल्यावर मात्र सुटतो तो पन्नास मीटर.

साधा गळ असेल तर सलग ओढीवर काठी एकदा ठाम वर घ्या. सर्कल गळ असेल तर झटका देऊ नका, नाहीतर गळ तोंडातून सरळ निसटून येतो. काठी वाकू द्या, रीळ सावकाश फिरवा, गळ आपोआप कोपऱ्यात वळतो. मासा बुडख्याकडे निघाला तर काठी आडवी, जमिनीला समांतर धरून बाजूला ओढा. उभ्या काठीने त्याचं तोंड वर येतं, दिशा बदलत नाही. काठाशी आला की पुन्हा एक धाव घेतो, तेव्हा ड्रॅग घट्ट करायचा मोह आवरा. हातजाळी पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि माशाला डोक्याकडून तिच्यावर आणा. शेपटीकडून जाळी खुपसली की तो उसळतो.

कासव लागलं तर ओढ जड, संथ आणि सरळ तळाकडे. कासवं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. गळ दिसत असेल तर पकडीने काढा, खोल असेल तर तंगूस तोंडाशी कापा आणि सोडा.

काटे

शिंगाळा आणि पंगस यांना तीन काटे: पाठीवर एक, कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक. मागूर आणि शिवडा यांना पाठीवरचा काटा नसतो, बाजूंचे दोनच. मासा काटे ताठ करून कुलूप लावल्यासारखे अडकवतो. मागूर आणि त्याच्यासारखाच हवेतून श्वास घेणारा शिंगी मासा यांच्या काट्यांत विषही असतं. ओला टॉवेल माशावर टाका, तळहात पोटाखाली, अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूच्या काट्यांच्या मागे अडकवून धरा. शिवड्याच्या तोंडात बोट घालू नका, पक्कडच. काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. उष्णतेने विषाचा जोर मोडतो. थर्मासमध्ये चहा नेता तसं दुसऱ्यात गरम पाणी न्या. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा, दुखरा हात भाजलेलं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन.

बेडूक असतात तिथे साप असतो. नाग, घोणस, फुरसं, आणि रात्रीची मण्यार, जिचा दंश दुखतही नाही. गमबूट, बॅटरी, बसताना खाली सतरंजी न घालता उंच स्टूल किंवा खुर्ची. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका; हात-पाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय, जिथे प्रतिविष असतं. या कारणासाठी तरी एकट्याने जाऊ नका.

शेततळं वेगळं

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात प्लास्टिक कागद अंथरलेली शेततळी सगळीकडे आहेत. तिथे मासा सापडणं सोपं आणि माणूस बुडणं त्याहून सोपं. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही, उतार तीव्र असतो आणि पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. १२ मि.मी.चा नायलॉन दोर, दर दोन फुटांवर गाठ मारून, कुंपणाच्या पक्क्या खांबाला बांधून पाण्यात सोडल्याशिवाय काठी उघडू नका. हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब जवळ ठेवा. कुणी पडलं तर आत उडी नाही, ट्यूब आणि दोर फेकायचा.

दुसरं, कागद. शिसं ओढत आणलं, गळ तळाला अडकला, खुंटी कडेला ठोकली, की भोक पडतं आणि शेतकऱ्याचं सगळं पाणी जातं. म्हणून इथे तळाची जोडणी नाही. बुचाची जोडणी करा: रात्री चमकणारी रेडियम कांडी लावलेलं बूच, पाच ग्रॅमपर्यंतचं शिसं, आणि गळ तळापासून हातभर तरी वर. काठी हातातच धरा.

मालक रोज संध्याकाळी खाद्य टाकतो तो कोपरा विचारा आणि त्या दिवशी टाकू नका म्हणून सांगा. पंगस ठरल्या वेळी त्याच कोपऱ्यात येऊन थांबतो. पाच-सहा गोळ्या खाद्य पाण्यावर टाका, खळबळ झाली की पिठाचा गळ तिथेच. रात्री थ्री-फेज लाईट येऊन बोअरचं पाणी तळ्यात पडत असेल तर पाईपच्या तोंडापासून तीन-चार मीटर बाजूला बसा. उरलेलं पीठ तळ्यात ओतून येऊ नका, कुजून अमोनिया वाढतो आणि सकाळी मालकाचे मासे उलटे तरंगतात.

नेणार असाल तर

शिवडा आय.यू.सी.एन. या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे. अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या परत सोडा, मधल्या आकाराचा एखादा न्या. सोडताना पाण्यात आडवा धरून स्वतः निघेपर्यंत थांबा.

न्यायचा तो मासा पिशवीत तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक ठोसा, कल्ल्याखाली काप, पाच मिनिटं रक्त निथळू द्या आणि बर्फात. पोट काठावर साफ करू नका, वासावर कुत्री आणि इतर पाहुणे येतात. घरी चुलीची राख आणि जाडं मीठ चोळून बुळबुळीत थर काढा, काटे पकडीने मोडा. तळ्यातल्या माशाला मातीचा वास येतो तो पाण्यातल्या शेवाळ-जिवाणूंच्या एका द्रव्याचा, आणि ते चरबीत साठतं. म्हणून पोटाची पिवळी चरबी आणि दोन्ही कुशींवरची लालसर मांसाची पट्टी खरवडून टाका, तुकडे अर्धा तास चिंचेच्या कोळात किंवा आंबट ताकात ठेवा आणि धुऊन मगच कांदा-लसूण मसाला लावा.